घडीची घोडी

अमरावतीच्या साईनगरात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवर नव्या घरात फर्निचरचं काम चालू असेल, तर दारातून आत डोकावून पाहावं. आठ बाय चारची प्लायची शीट दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवी टाकलेली असते. एक पोरगा तिचं टोक धरून उभा असतो आणि मिस्त्री गुडघ्याने शीट दाबून कटर मशीन चालवत असतात. 19 मिलिमीटर जाडीची ही शीट 35 ते 40 किलोची. तिचा भार पडला की खुर्चीचे पाय जरासे फाकतात, शीट सरकते आणि पातं आखलेल्या रेघेवरून उतरतं. ‘घोडी हालली का चीर वाकडी गेलीच समजा, भाऊ,’ असं एका मिस्त्रींनी मला सांगितलं होतं. मग घोडी का नाही आणली, असं विचारलं तर म्हणाले, ‘आनू कशी? मोटारसायकलवर हत्यारं, मागं पोट्टा. घोडी कुठं बांधू?’

हा प्रश्न नवा आहे. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता, तेव्हा काम त्याच्याकडे चालत यायचं. वखर, तिफण, बैलगाडीचं चाक, दाराची चौकट, सगळं त्याच्या निंबाखाली यायचं. तिथे एक जाड ओंडका जमिनीत कायमचा रोवलेला असे, आणि बाकीचं काम तो उकिडवा बसून, लाकूड पायाने दाबून करी. पाय हाच त्याचा शिकंजा. आज काम जागेवरच राहतं आणि सुतार त्याच्याकडे जातो. आज राजापेठेत, उद्या बडनेऱ्याला, पुढच्या आठवड्यात मूर्तिजापूरला. ज्याचं कामाचं ठिकाण रोज बदलतं, त्याला घडी होणारी घोडी हवी.

घोडी म्हणजे एक आडवं लाकूड आणि त्याला चार फाकलेले पाय. अशा दोन घोड्या समोरासमोर ठेवायच्या आणि त्यांवर फळी टाकून काम करायचं. रंगाऱ्याची घोडी उंच, सुताराची बुटकी. या ठोकळ्यात जनावर दिसावं, हे जगभर झालेलं आहे. इंग्रज त्याला करवतीचा घोडा म्हणतात, जर्मन लोक बोकड म्हणतात, आणि चित्रकाराच्या तिकाटण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो डच भाषेतल्या गाढवावरून आलेला. ओझं मुकाट्याने पाठीवर घेणारं चार पायांचं काहीतरी, एवढंच त्यातलं साम्य.

खुर्चीला घोडी करण्याची चूकही आपलीच एकट्याची नाही. 1961 मध्ये रॉन हिकमन नावाचे मोटारींचे आरेखक इंग्लंडमधल्या आपल्या घरी कपाट करत होते. टेकू म्हणून खुर्ची घेतली आणि लाकडाबरोबर ती चांगली खुर्चीही कापली गेली. त्या नुकसानीतून त्यांनी घडी होणारा, लाकूड दोन फळ्यांत आवळून धरणारा कामाचा ओटा तयार केला. कंपन्यांनी आधी तो नाकारला. शेवटी ब्लॅक अँड डेकरने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो बनवायला घेतला आणि पुढे ‘वर्कमेट’ या नावाने तो कोट्यवधींनी खपला. तो ओटा उत्तमच आहे, पण त्यात लोखंडाचे अनेक सुटे भाग लागतात. आपल्याला हवी ती वस्तू अशी, की जी सुताराने स्वतःच्या हाताने, आरामशीनवर मिळणाऱ्या पट्ट्यांतून एका दिवसात करावी आणि मोडली तर स्वतःच दुरुस्त करावी.

घडीचे मार्ग तीन आहेत. पहिल्यात प्लायच्या दोन फळ्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवायच्या. हे दिसतं सोपं, पण रोजच्या काढघालीने खाच रुंदावते आणि सहा महिन्यांत घोडी डुलायला लागते. दुसऱ्यात चारही पाय नट-बोल्टवर फिरून आडव्या लाकडाच्या पोटात मिटतात. हे आटोपशीर होतं, मात्र सगळा भार चार बोल्टांच्या भोकांवर येतो. तिसरा मार्ग घडीच्या शिडीचा. दोन सपाट चौकटी, वरून बिजागरीने जोडलेल्या, उघडल्या की तंबूसारख्या उभ्या राहणाऱ्या. मला हाच पटतो, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

आधी मापं. एका चौकटीत दोन पाय, प्रत्येकी 30 इंच लांब, 2 इंच रुंद, 1 इंच जाड. वर आडवी पट्टी 30 इंच लांब, 3 इंच रुंद. खाली, जमिनीपासून 10 इंचांवर, आणखी एक आडवी पट्टी 30 इंच लांब, 2 इंच रुंद. सगळ्यांची जाडी एकच, 1 इंच. अशा दोन चौकटींची एक घोडी. तिला सुमारे 500 घनइंच लाकूड लागतं, म्हणजे घनफुटाच्या तिसऱ्या हिश्शालाही थोडं कमी. सागवानात वजन भरतं सव्वापाच किलोच्या आसपास. जोडीचे साडेदहा किलो, एका हाताने उचलता येतील एवढे.

हे पाय बारीक वाटतात. एक इंच जाडीच्या पट्टीवर भार कसा टाकायचा, अशी शंका येणारच. पण हिशेब करून पाहा. एका घोडीवर 100 किलो आले तर एका पायाला 25 किलो. सागाची एवढी आखूड पट्टी उभ्या दाबाखाली वाकायला त्याच्या कितीतरी पट भार लागेल. घोडी भाराने मोडत नाही, ती हलण्याने मोडते. पाय शाबूत राहतात आणि सांधे ढिले होतात. म्हणून लाकूड जाड करत बसण्यापेक्षा सांध्यांवर मेहनत घ्यावी. जाड लाकडाची घोडी कोणी साईटवर नेत नाही. ती घरी राहते आणि साईटवर पुन्हा खुर्च्या येतात.

आता पाय किती फाकवायचे? सुताराच्या हिशेबात सांगतो: दोन इंच वर जाताना पाच सूत बाजूला. आठ सुतांचा एक इंच, हे मिस्त्रींना सांगावं लागत नाही. या तिरकसपणाने 30 इंची पाय जमिनीवर दोन्ही मिळून जवळजवळ 18 इंच फाकतात आणि घोडीची उंची साडेअठ्ठावीस इंच भरते. उभ्याने कटर मशीन चालवायला ही उंची सोयीची. हातकरवतीने कापायचं असेल आणि गुडघा फळीवर ठेवायचा असेल, तर उंची गुडघ्याच्या किंचित खाली हवी, 18 ते 20 इंच. तेव्हा पाय आखूड करायचे, तिरकसपणा तोच ठेवायचा.

फाकलेला पाय भार पडला की आणखी फाकायला बघतो. वरून 100 किलो आले तर प्रत्येक बाजूला 50 किलो खाली जातात, आणि त्याशिवाय साधारण 16 किलोंचा रेटा बाहेरच्या दिशेने लागतो. खडबडीत जमिनीवर हा रेटा घर्षण अडवतं. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर, त्यातही भुसा सांडलेला असताना, घर्षणाच्या भरवशावर राहू नये. तिथे दोन्ही चौकटींना आतून बांधणारा पट्टा हवा.

पट्टा कुठे बांधायचा, हे महत्त्वाचं आहे. पुष्कळदा साखळी मध्यावर किंवा त्याहून वर लावलेली दिसते, कारण तिथे ती पायात येत नाही. पण बिजागरीपासून पट्टा जितका जवळ, तितका त्याच्यावरचा ताण जास्त. पायाच्या मध्यावर बांधला तर 100 किलोंच्या भाराला 31 किलोंहून जास्त ताण येतो. वरून चौथ्या हिश्शाच्या उंचीवर बांधला तर 60 किलोंच्या पुढे. खालून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीच्या जागी, तो साडेतेवीस किलोंवर येतो. त्याहून खाली नेला तर ताण आणखी घटेल, पण चालताना पाय अडकेल. खालची पट्टी 10 इंचांवर ठेवली ती याचसाठी.

पट्ट्यासाठी नायलॉनची दोरी नको, ती ताणली की लांबते. साखळी चांगली, पण घडी घालताना दोन चौकटींच्या मध्ये ढिगारा करून बसते आणि लाकडाला खड्डे पाडते. मला सगळ्यात आवडते ती खाटेची सुती नवार. चपटी असते, घडीत निमूट बसते, फारशी लांबत नाही, आणि वऱ्हाडात कुठल्याही बाजारात मिळते. दोन बाजूंना दोन पट्ट्या, दोन चौकटींच्या मध्ये मोकळी लांबी 12 इंच. टोकं दुमडून, वर लाकडाची लहानशी पट्टी ठेवून स्क्रू मारायचे. नुसता स्क्रू मारला तर तो नवार फाडतो. दोन्ही पट्ट्या सारख्या ताणल्या गेल्या पाहिजेत. एक सैल राहिली तर घोडी पिळवटून उभी राहते.

आता बिजागरी. दोन्ही चौकटी तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या की वर दोन कडा शेजारी येतात, मध्ये एक फट. बिजागऱ्या या कडांवर, फटीच्या बरोबर वर, गाठ वरच्या बाजूला ठेवून बसवायच्या, दोन्ही टोकांपासून चार-चार इंच आत. चौकटी उघडल्या की कडांच्या बाहेरच्या कोरा वर उचलल्या जातात आणि मध्ये पन्हाळीसारखा उथळ खोलगटपणा तयार होतो. एक इंच जाडीच्या लाकडात त्याची खोली सुमारे अडीच सूत भरते. बिजागरी या पन्हाळीत लपते. फळी टेकते ती बाहेरच्या कोरांवर, लोखंडाला शिवतही नाही. आणि पाय फाकायला लागले की दोन्ही चौकटींची लाकडं फटीपाशी एकमेकांवर दाबली जातात. भार लाकडातून लाकडात उतरतो. बिजागरीने फक्त दोघांना एकत्र धरून ठेवायचं. बिजागरीवर भार टाकलेली घोडी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तिचे स्क्रू पहिल्या वर्षातच उपटतात. कोरा मात्र थोड्या गोल कराव्यात, नाहीतर पॉलिश केलेल्या फळीला त्यांचे वळ उठतात.

हलण्याच्या दिशा दोन आहेत आणि दोन्हींचा बंदोबस्त वेगळा. दोन घोड्यांवर फळी टाकून ती आडवी कापायची असते, तेव्हा करवत घोडीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे जाते. चौकटीचा चौकोन या धक्क्याने तिरपा व्हायला बघतो. चार पट्ट्यांच्या चौकोनाला अंगचा ताठपणा नसतो, त्रिकोणाला असतो. म्हणून वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बाहेरून 6 मिलिमीटर प्लायचे, पाच-पाच इंच बाजूंचे त्रिकोणी तुकडे चिकटवून स्क्रूने बसवायचे. आतून बसवले तर घडी मिटत नाही. फळी उभी चिरायची असते, तेव्हा धक्का घोडीला आडवा पाडायच्या दिशेने येतो. इथे तिच्यावरचा भार उपयोगी पडतो. घोडी आणि तिच्यावरच्या हलक्या फळीचा वाटा मिळून 15 किलो असतील, तर वरच्या टोकाला पाच किलोंचा आडवा धक्काही तिला उलथवायला पुरतो. म्हणून हलकी फळी उभी चिरताना तिला चिमट्याने दोन्ही घोड्यांना आवळावं, किंवा गुडघ्याचा भार द्यावा. जुना सुतार लाकूड पायाने दाबत होता ते उगाच नाही.

लाकडाची निवड करताना वऱ्हाडाला दूर जावं लागत नाही. मेळघाटच्या सागाची बाजारपेठ म्हणून परतवाड्याचं नाव आहे. तिथल्या वनविभागाच्या आगारात लिलाव होतात. साग हलका आणि ताठ असतो, आणि हवा बदलली तरी फार हलत नाही. फक्त सालीजवळचं पांढरं लाकूड घेऊ नये, त्याला उधई लागते. बाभूळ चिवट, गाडीच्या चाकांना तीच वापरत, पण ती बरीच जड. निलगिरी स्वस्त मिळते आणि वाळताना पिळते, घडीच्या कामाला ती नकोच. पैसे वाचवायचे तर पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन चालेल, गाठी टाळून.

हंगामही पाहावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, हवा कोरडीठाक असते, लाकूड आकसतं. जुलै-ऑगस्टात तेच लाकूड ओल घेऊन फुगतं. पावसाळ्यात घट्ट बसवलेला सांधा उन्हाळ्यात खुळखुळतो. उन्हाळ्यात बसवलेला पावसाळ्यात आणखी आवळतो. म्हणून घोडी करायचीच तर मार्च ते मे या काळात, सुकलेल्या लाकडाची करावी. कुठे नट-बोल्ट वापरले असतील तर स्प्रिंगचा वायसर घालावा, म्हणजे लाकूड आकसलं तरी पकड राहते.

करण्याचा क्रम असा ठेवावा. जोडीचे आठही पाय एकत्र बांधून एकाच वेळी कापायचे. एकेक मोजून कापले तर सुता-दोन सुतांचा फरक पडतो आणि तो फरक आयुष्यभर पाचरीने भरून काढावा लागतो. मग फरशीवर खडूने पूर्ण मापाचा त्रिकोण आखायचा: 18 इंचांचा पाया, मध्यावर साडेअठ्ठावीस इंचांची उभी रेघ. पाय त्या तिरप्या रेघेवर ठेवला की तळवा कोणत्या कोनात छाटायचा, ते फरशीची रेघच सांगते. कोनमापक लागत नाही. सांधे अर्ध्या जाडीच्या खाचांचे: पायात चार सूत, पट्टीत चार सूत, दोन्ही एकात एक बसून सपाट. वरच्या कोपऱ्यात ही बैठक दोन बाय तीन इंचांची मिळते, गोंदाला भरपूर जागा. गोंद लावून गुण्याने चारही कोपरे तपासायचे, कर्णही मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच स्क्रू आवळायचे. इथे घाई केली तर पुढचं काहीच जुळत नाही, म्हणून दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देईन. बिजागऱ्या, नवार आणि प्लायचे तुकडे हे नंतरचं काम, दीड-दोन तासांचं.

तळव्यांना जुन्या सायकलच्या टायरचे तुकडे खिळ्यांनी ठोकले की टाइल्सवर घोडी घसरत नाही आणि घरमालकाची फरशीही वाचते. अंगणात गोष्ट वेगळी. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि दोन चौरस इंचांचा तळवा तिच्यात सरळ रुततो. तिथे एका चौकटीच्या दोन पायांखाली 30 इंच लांब, 2 इंच रुंद फळी सरकवावी. टेकण्याची जागा पंधरा पट वाढते. या फळीचा मधला भाग खालून थोडा खरवडून घ्यावा, म्हणजे ती दोन टोकांवरच टेकते आणि मधल्या ढेकळावर डोलत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, तेव्हा पाय भेगेत जाणार नाही एवढं पाहावं. चार पायांची वस्तू उंचसखल जमिनीवर एक पाय अधांतरी ठेवणारच. तीन पायांची तिवई कुठेही ठेवली तरी डगमगत नाही, पण तिच्यावर रुंद शीट टाकली की ती कलंडते, म्हणून हा सोपेपणा आपल्याला परवडत नाही. घोडी जागच्या जागी थोडी फिरवून पाहावी. बहुतेक वेळा एखाद्या दिशेत चारही पाय टेकतात. नाही टेकले तर पाचर.

शीट टाकताना घोड्या अगदी टोकांशी ठेवू नयेत. मध्ये झोळ पडतो. आठ फुटी शीटला दोन्ही टोकांपासून पावणेदोन फूट आत घोड्या ठेवल्या तर मधला आणि टोकांचा झोळ मिळून सगळ्यात कमी राहतो. आणि कापताना चीर कधीही दोन घोड्यांच्या मधोमध घेऊ नये. कापत जाल तशी शीट मध्ये खाली दबते, चिरेच्या कडा वरून मिटतात, पातं आवळलं जातं आणि मशीन उसळून अंगावर येतं. तुकडा कापायचा तो घोडीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे सुटलेला भाग खाली झुकतो आणि चीर उघडत जाते. मधोमध कापणं भागच असेल तर घोड्यांवर आधी चार सरळ पट्ट्या लांबीने टाकाव्यात, त्यांवर शीट, आणि पातं शीटच्या जाडीहून दोन सूतच खाली उतरेल असं लावावं. पट्ट्यांवर ओरखडे उठतात, दोन्ही तुकडे मात्र जागच्या जागी राहतात आणि धरायला पोट्टा लागत नाही.

मिटली की एक घोडी 30 इंच बाय 30 इंच आणि त्रिकोणी तुकड्यांसह अडीच इंच जाड. जोडी पाच इंच. मोटारसायकलच्या मागच्या सीटच्या बाजूला ती दोन पट्ट्यांनी बांधता येते. स्कूटर असेल तर आडव्या पट्ट्या 24 इंचांच्या घ्याव्यात, वजनही थोडं कमी होतं. घरी ती दाराच्या मागे किंवा दिवाणाखाली मावते. पण पावसाळ्याचे चार महिने जमिनीवर ठेवू नये. ओल आणि उधई दोन्ही खालूनच येतात. खालच्या आडव्या पट्टीने भिंतीतल्या दोन खुंट्यांवर उलटी टांगावी, तळवे वर. दसऱ्याला हत्यारांबरोबर खाली काढली की आधी बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्यावा आणि नवारीचे स्क्रू पाव फेरा आवळून घ्यावेत.